हातमोज्याचे दोन जन्म : माऊस, घाम आणि घर्षण

१/१५
संगणकावर खेळणाऱ्याच्या हातात कधीकधी एक विचित्र हातमोजा दिसतो. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट उघडे. करंगळी, अनामिका आणि तळहाताची कड पातळ कापडाने झाकलेली. पाहणाऱ्याला ही निव्वळ हौस वाटते. तिच्यामागे मात्र घर्षणाचा एक जुना प्रश्न आहे. आजचा थ्रेड त्याविषयी.

२/१५
हात झाकण्याची परंपरा पुरातन आहे. रामायण-महाभारतातील धनुर्धर 'गोधांगुलित्राण' बांधतात, म्हणजे घोरपडीच्या कातड्याचे अंगुलिरक्षक. प्रत्यंचेपासून बोटे वाचवणे हे त्याचे काम. ते चिलखताचेच धाकटे भावंड. माऊसवरचा हातमोजा या कुळातला नव्हे. त्याचे काम हात विनाअडथळा सरकू देण्याचे आहे.

३/१५
त्याचे सख्खे नातेवाईक बिलियर्डच्या टेबलापाशी भेटतात. तिथे एका हाताच्या बोटांच्या आधारावरून काठी मागेपुढे सरकते. घामेजलेल्या कातडीवर ती अडखळते आणि नेम चुकतो. यावर खेळाडूंनी आधी पावडर वापरली. पुढे तीन बोटांचा गुळगुळीत मोजा आला. कॅरमच्या पटावर आपण बोरिक पावडर भुरभुरतो, तेही याच कारणासाठी.

४/१५
संगणकाच्या जगात मात्र हातमोजा वेगळ्याच महत्त्वाकांक्षेने शिरला. आधी माऊस आला. स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी १९६४ साली पहिला नमुना घडवला : एक लाकडी ठोकळा आणि त्याखाली काटकोनात बसवलेली दोन चाके. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत त्याचे जाहीर प्रात्यक्षिक झाले.

५/१५
ठोकळा हाती धरण्यापेक्षा हातच यंत्राला का समजू नये, असा विचार पुढे आला. १९७७ साली शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठात डॅनियल सँडिन आणि टॉम डीफँटी यांनी रिच सेयर यांच्या कल्पनेवरून बोटांचे वाकणे मोजणारा हातमोजा केला. ऐंशीच्या दशकात टॉमस झिमरमन आणि जॅरन लॅनियर यांच्या व्हीपीएल कंपनीचा 'डेटाग्लोव्ह' प्रयोगशाळांत पोहोचला. तो अतिशय महाग होता.

६/१५
हेच स्वप्न मुलांच्या खेळण्यात उतरले ते १९८९ साली. निन्टेन्डोच्या खेळयंत्रासाठी अमेरिकेत मॅटेल कंपनीने 'पॉवर ग्लोव्ह' विकायला काढला. मोज्यातून निघणाऱ्या श्रवणातीत ध्वनिलहरी दूरचित्रवाणी संचाभोवती लावलेले ग्राहक टिपत आणि त्यावरून हाताची जागा ठरे. त्याच वर्षी 'द विझर्ड' या चित्रपटातही तो झळकला.

७/१५
प्रत्यक्षात तो फसला. नेम अचूक लागेना आणि हात सतत अधांतरी धरून खांदा दुखू लागे. खास त्याच्यासाठी म्हणून अवघे दोन खेळ बाजारात आले. लवकरच उत्पादन थांबले. माऊसची जागा घेण्याची हातमोज्याची ही पहिली उमेद तिथेच मावळली.

८/१५
इकडे माऊसचे महत्त्व वाढत होते. १९९३ चा 'डूम' पुष्कळजण केवळ कळफलकावर खेळत. १९९६ च्या 'क्वेक'मध्ये वरखालीही पाहावे लागे, आणि तिथे माऊसवाला सरस ठरू लागला. १९९७ साली 'क्वेक'च्या स्पर्धेत डेनिस फाँग जिंकला आणि खेळाचे कर्ते जॉन कारमॅक यांची फेरारी मोटार त्याला बक्षीस मिळाली. एका हातात कळा, दुसऱ्यात माऊस ही पद्धत रूढ होण्यात त्याचा मोठा वाटा मानला जातो.

९/१५
त्या काळचा माऊस गोळीवर चाले. आत साचलेला मळ नखाने खरवडून काढणे हा सायबर कॅफेतील अनेक पिढीबंधूंचा अनुभव असेल. १९९९ साली मायक्रोसॉफ्टचा इंटेलिमाऊस एक्सप्लोरर आला. सेकंदाला १५०० वेळा पृष्ठभागाचे चित्र टिपून तो हालचाल ओळखे. गोळी गेली, मळ गेला. यंत्रातला अडथळा सरला. उरला तो हाताचा.

१०/१५
कसा, ते पाहू. 'काउंटर-स्ट्राइक'सारख्या खेळांत नेम केसाइतका बारीक लागतो. म्हणून कसलेले खेळाडू माऊसची संवेदनशीलता मुद्दाम कमी ठेवतात. पडद्यावर एक पूर्ण गिरकी घ्यायला माऊस तीस-चाळीस सेंटिमीटर, कधी त्याहूनही अधिक सरकवावा लागतो. काम मनगटाकडून कोपर-खांद्याकडे जाते आणि तळहाताची कड मोठ्या कापडी पॅडवर सारखी घासत राहते.

११/१५
गिय्योम आमाँतों या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६९९ साली घर्षणाचे नियम मांडले : घर्षण दाबाच्या प्रमाणात वाढते. मानवी त्वचा मात्र हे नियम काटेकोर पाळत नाही. कोरडी कातडी बऱ्यापैकी सरकते. किंचित ओलसर झाली की घर्षण कितीतरी वाढते. शिवाय स्थिर वस्तू हलवायला लागणारा जोर ती हलती ठेवण्याच्या जोरापेक्षा जास्त असतो. म्हणून दमट हात आधी चिकटतो, मग एकदम सुटतो. नेम हुकतो तो त्या क्षणी.

१२/१५
कोकणच्या किंवा मुंबईच्या हवेत हे वेगळे सांगायला नको. हातमोजा इथे साधा उपाय करतो : ओल्या कातडीऐवजी कोरडे, गुळगुळीत कापड पॅडला टेकवतो. कापड बहुधा नायलॉन आणि स्पँडेक्सचे. ड्यूपाँ कंपनीच्या जोसेफ शिव्हर्स यांनी १९५८ साली शोधलेला हा ताणला जाणारा धागा अंगाला बिलगतो, म्हणून सुरकुती पडत नाही. माऊस धरणारी बोटे उघडी राहतात, कारण बटणाचा स्पर्श हवाच असतो. डिजिटल पाटीवर चित्रे काढणारे कलाकारही असाच दोन बोटांचा मोजा घालतात.

१३/१५
तो अपरिहार्य आहे असे नाही. बहुसंख्य नामवंत खेळाडू उघड्या हातानेच खेळतात. काहीजण कोपरापर्यंतची बाही चढवतात. ज्याचा हात घामेजत नाही त्याला मोज्याने विशेष फरक पडणार नाही. वेगळी सवय लागते, हेही खरे.

१४/१५
खरी सावधगिरी पुढे आहे. 'मनगट वाचवणारा' म्हणून असे मोजे खपवले जातात. १७१३ साली बर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने कामगारांच्या रोगांवरील ग्रंथात लेखनिकांच्या दुखऱ्या हाताचे मूळ एकाच हालचालीच्या अखंड पुनरावृत्तीत शोधले होते. २०१५ साली क्लाउड९ संघाचा कर्णधार हाय लाम याने मनगटाच्या दुखापतीमुळे स्पर्धात्मक खेळातून निवृत्ती जाहीर केली. कारण तेच. मोजा कातडीचे घर्षण कमी करतो. हालचालींची संख्या आणि मनगटाचा कोन तसाच राहतो.

१५/१५
२०२३ च्या हांगचौ आशियाई स्पर्धेत ई-स्पोर्ट्सला पदके मिळाली. हा खेळ आता आपल्या घरांतही गांभीर्याने घेतला जाईल. मुलाने असा हातमोजा मागितला तर हसू नये. मागणीला शास्त्राचा आधार आहे. पण बोटांना मुंग्या येत असतील, रात्री हात बधिर होत असेल, तर मोज्याच्या दुकानाआधी डॉक्टरांकडे जावे, आणि दर तासाला माऊस खाली ठेवावा. माऊसची जागा घ्यायला आलेला हातमोजा अडगळीत गेला. त्याच्या हाताखाली काम करायला तयार झालेला टिकला. एवढ्याच कामासाठी तो आहे, हे ओळखून वापरला तर उपयोगी आहे.