नाव न विचारणारी मीटिंग : दारू सोडवणाऱ्या गटांचा इतिहास आणि पुरावा

दारू सोडण्यासाठी मीटिंगला जाऊन खरंच उपयोग होतो का? प्रश्न साधा वाटतो. पण उत्तर शोधायला बसलात की लगेच अडायला होतं. ज्या संघटनेकडे सभासदांची यादीच नाही, तिचा अभ्यास करायचा तरी कसा? संशोधनाची तयारी करताय ना? मग हा विषय पद्धतीच्या अंगानेही बघा. त्यासाठी आधी थोडा इतिहास.

आधी दुकान, मग कायदा

पुण्यात दारूविरोध जुना आहे. जोतीराव फुले नगरपालिकेचे सभासद असताना, 1880 मध्ये, त्यांनी दारूच्या दुकानांविरुद्ध नगरपालिकेला पत्र लिहिलं. 1908 मध्ये टिळकांच्या अनुयायांनी पुण्यातल्या दारूच्या दुकानांपुढे निदर्शनं केली. पुढे 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा आला. या सगळ्यात एक गोष्ट समान दिसते. लढाई कधी दुकानाशी आहे, कधी सरकारच्या महसुलाशी, कधी कायदा मोडणाऱ्याशी. प्रत्यक्ष पिणारा माणूस मात्र बोलताना दिसत नाही. त्याच्याबद्दल दुसरेच बोलतात.

पिणाऱ्यांनीच सुरू केलेलं काम

1840 मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात सहा पिणाऱ्यांनी एकत्र येऊन दारू सोडायची शपथ घेतली. 'वॉशिंग्टोनियन' नावाची ही चळवळ झपाट्याने वाढली आणि काही वर्षांतच विस्कटली. दारूबंदीच्या राजकारणात ओढली जाणं हे त्याचं एक कारण मानलं जातं.

1935 मध्ये ओहायो राज्यातल्या ॲक्रन गावी बिल विल्सन हा शेअर बाजारातला माणूस आणि बॉब स्मिथ हा सर्जन भेटले. दोघेही दारूने पोखरलेले. बॉब शेवटचं प्यायले तो दिवस, 10 जून 1935, अल्कोहोलिक्स अनॉनिमसचा (ए.ए.) स्थापना दिवस मानतात. ए.ए.चे नियम बघा: सभासद व्हायला फक्त दारू सोडायची इच्छा हवी, फी नाही, बाहेरून देणगी घ्यायची नाही, बाहेरच्या कुठल्याही वादात मत द्यायचं नाही आणि नाव गुप्त ठेवायचं. दारूबंदी असावी की नसावी, यावरही ए.ए. गप्प. वॉशिंग्टोनियन जिथे फसले, नेमकं तिथेच हे कुंपण घातलेलं आहे.

मुंबई 1957, येरवडा 1986

ए.ए. 1957 मध्ये मुंबईत पोचलं. तेव्हा राज्यात दारूबंदी होती आणि परमिटशिवाय पिणं हा गुन्हा होता. अशा शहरात चार लोकांसमोर "मी पितो" म्हणणं म्हणजे काय, याचा विचार करा. नाव न विचारण्याचा नियम तिथे किती कामाचा असेल!

29 ऑगस्ट 1986 ला येरवड्यात मुक्तांगण सुरू झालं. डॉ. अनिल आणि डॉ. सुनंदा (अनिता) अवचट यांनी ते उभं केलं, पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांनी आर्थिक पाठबळ दिलं. तेव्हाचा मोठा प्रश्न गर्दचा होता, दारूचे रुग्ण पुढे वाढत गेले. मुक्तांगण हे उपचार केंद्र आहे, ए.ए. नव्हे. पण मूळ धागा तोच. व्यसनातून बाहेर आलेली माणसंच तिथे कार्यकर्ते म्हणून काम करतात, उपचारानंतर फॉलोअपला बोलावलं जातं आणि पत्नींसाठी 'सहचरी' हा वेगळा गट आहे.

उपयोग होतो हे कळतं कसं?

आता आपला मूळ प्रश्न. मीटिंगला जाणारे आणि न जाणारे यांची तुलना केली, जाणारे जास्त टिकले, म्हणून मीटिंगचा गुण? थांबा. जाणाऱ्याची इच्छाच मुळात जास्त असेल तर? यालाच निवडीचा दोष म्हणतात.

मग चिठ्ठी टाकून गट पाडावेत, तर मीटिंग सगळ्यांना खुली. कुणाला दारात अडवणार? संशोधकांनी वाट काढली. चिठ्ठी मीटिंगसाठी नाही, तर मीटिंगकडे वळवणाऱ्या समुपदेशनासाठी टाकायची. अमेरिकेतल्या 'प्रोजेक्ट मॅच'मध्ये 1,726 रुग्णांना असं तीन उपचारांत वाटलं गेलं, निष्कर्ष 1997 मध्ये आले. 2020 च्या कॉक्रेन आढाव्यात 27 अभ्यास आणि 10,565 रुग्ण होते. मीटिंगकडे वळवलेल्यांपैकी साधारण 42% वर्षानंतर पूर्ण दारूमुक्त होते, इतर उपचारांत हे प्रमाण 35%. चमत्कार नाही, पण फरक खरा आहे. बहुतेक अभ्यास अमेरिकेतले आहेत, हे मात्र विसरू नका.

फायदा येतो कुठून? 'मॅच'च्याच माहितीवरून दिसलं की त्याचा मोठा भाग मित्रमंडळ बदलण्यातून येतो. पिणारे दोस्त कमी होतात, न पिणारे वाढतात. म्हणजे एकदा जाऊन भागत नाही, जात राहावं लागतं.

शिक्रापूर परिसरात असाल तर

2019 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार दारूच्या आहारी गेलेल्या 38 जणांपैकी साधारण एकालाच कुठलाही उपचार मिळतो. शिक्रापूर, सणसवाडी, रांजणगाव हा सगळा शिफ्ट ड्यूटीचा पट्टा, त्यामुळे वेळेचा प्रश्न आहेच. त्यात गाव लहान, सगळे ओळखीचे. मग गावातल्या मीटिंगला लाज वाटत असेल तर पुण्यातली गाठा, नगर रस्ता थेट येरवड्यालाच जातो. पहिला फोन 14446 या राष्ट्रीय नशामुक्ती हेल्पलाइनवर केलात तरी चालेल. एक गट नाही पटला तर दुसरा बघा, गटागटात फरक असतो. घरच्यांसाठी अल-अनॉन आहे. पिणारा तयार नसला तरी त्यांनी जायला हरकत नाही.

पण रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद करू नये, आधी डॉक्टर. अचानक सोडल्यावर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जिवावरही बेतू शकतं. हे काम मीटिंगचं नाही, दवाखान्याचं आहे.

आणि संशोधक म्हणून जाणार असाल तर लक्षात ठेवा: 'ओपन' मीटिंगला कुणीही बसू शकतं, 'क्लोज्ड' फक्त पिण्याचा प्रश्न असलेल्यांसाठी. तिथे वही घेऊन गुपचूप बसायचं नाही. ओपन मीटिंगमध्येही ऐकलेलं परवानगीशिवाय टिपणात येऊ देऊ नका. तुमची माहिती थोडी अपुरी राहील, राहू द्या. आपलं नाव बाहेर जाणार नाही या भरवशावरच तिथे कुणीतरी पहिल्यांदा तोंड उघडत असतं.