मेरुरज्जूची इजा व फायब्रीनविलयनरोधी औषधे

मेरुरज्जूला आघात झाल्यास त्याची हानी दोन टप्प्यांत घडते. प्रत्यक्ष धक्क्याने काही तंत्रिका तंतू तत्काळ नष्ट होतात. पुढील काही तासांत रक्तस्राव, सूज व रक्तपुरवठ्यातील खंड यांमुळे लगतचा भागही निकामी होतो. ही दुसरी हानी टाळता येईल काय, हा या संशोधनामागील मूळ प्रश्न होय.

अमेरिकेतील ए. आर्. ॲलन यांनी १९११ मध्ये कुत्र्यांच्या उघड्या केलेल्या मेरुरज्जूवर ठराविक उंचीवरून वजन टाकून या प्रक्रियेचा अभ्यास केला. मेरुरज्जूला मध्यभागी छेद देऊन साचलेला रक्तमिश्रित द्रव काढल्यास प्राण्यांची स्थिती सुधारते, असे त्यांना आढळले. रक्तस्राव औषधाने रोखण्याचा मार्ग मात्र पुढे जपानमधील संशोधनाने खुला झाला.

रक्त गोठताना बनलेले फायब्रीनाचे जाळे प्लाझ्मीन हे एंझाइम विरघळविते. या क्रियेस अटकाव करणाऱ्या औषधांना फायब्रीनविलयनरोधी औषधे म्हणतात. शोसुके व उताको ओकामोटो या दांपत्याने लायसीन या ॲमिनो अम्लाशी साम्य असलेली संयुगे तपासून प्रथम एप्सायलॉन-ॲमिनोकॅप्रोइक अम्लाचा व नंतर त्याहून कितीतरी प्रभावी अशा ट्रॅनेक्झॅमिक अम्लाचा गुणधर्म उजेडात आणला (१९६२). प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाने होणारे मृत्यू टाळणे हा उताको यांचा मुख्य हेतू होता.

कँबेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये मांजरांच्या ठेचलेल्या मेरुरज्जूवर फायब्रीनविलयनरोधी व स्टेरॉइड औषधांचे परिणाम अभ्यासिले. यांपैकी स्टेरॉइडांच्या मोठ्या मानवी चाचण्या झाल्या. १९९० मधील चाचणीनंतर मिथिलप्रेडनिसोलोन सर्वत्र रूढ झाले. पण त्याच्या उपयुक्ततेविषयी पुढे तीव्र मतभेद झाले. फायब्रीनविलयनरोधी औषधांना मेरुरज्जूच्या इजेवरील सिद्ध उपचाराचे स्थान मिळाले नाही. त्यांच्या वापरात धोकाही होता : मेंदूभोवतीच्या रक्तस्रावावरील १९८४ च्या चाचणीत ट्रॅनेक्झॅमिक अम्लाने पुन्हा होणारा रक्तस्राव घटला, परंतु मेंदूचा रक्तपुरवठा खंडित होण्याचे प्रमाण वाढल्याने एकूण लाभ झाला नाही.

या औषधाचे महत्त्व २०१० मध्ये नव्याने प्रस्थापित झाले. ४० देशांतील २०,२११ जखमींवरील चाचणीत मृत्यूचे प्रमाण १६ टक्क्यांवरून १४·५ टक्क्यांवर आले. इजेनंतर तीन तासांच्या आत औषध दिल्यास लाभ होतो, तर त्यानंतर दिल्यास रक्तस्रावाने होणाऱ्या मृत्यूंचा धोका वाढतो, असे २०११ मधील विश्लेषणात दिसून आले. उपचाराच्या वेळेचे हे महत्त्व मेरुरज्जूच्या बाबतीतही तितकेच विचारात घ्यावे लागते; कारण तेथे दुय्यम हानीस काही तासांतच आरंभ होतो.