आवाजावरून ओळखलेली माणसे

जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली आणि गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना ती अर्पण केली. वर्गात ही अर्पणपत्रिका शिकवताना मी मुलांना एक गोष्ट मुद्दाम सांगतो. त्याच वर्षी १३ एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी, लुईझियानातील कोलफॅक्स येथे गोऱ्यांच्या सशस्त्र टोळीने साठाहून अधिक काळी माणसे मारली. कित्येकांना तर शरण आल्यावर मारले. जोतीरावांचा गौरव चुकीचा नव्हता. गुलामी कायद्याने गेलीच होती. पण कायद्याने गेलेले दहशतीने परत मिळवण्याचा उद्योग तिथे कधीच सुरू झाला होता.

या उद्योगाची पहिली मोठी संघटना कू क्लक्स क्लॅन. टेनेसी राज्यातील पुलास्की गावात, यादवी युद्ध हरलेल्या दक्षिणी सैन्यातल्या सहा तरुणांनी ती काढली. दहशतवादी म्हणजे भुकेला, माथेफिरू, अडाणी असे आपल्याला सतत ऐकवले जाते. हे सहाजण चांगल्या घरचे, शिकलेले होते. सुरुवातीला सोंगे काढून रात्री हिंडणे एवढाच त्यांचा खेळ. १८६७ मध्ये दक्षिणेत काळ्या पुरुषांना मत मिळाले आणि खेळाचे चाबूक झाले, बंदुका झाल्या. प्रमुख म्हणून ज्याचे नाव घेतले जाते तो नेथन बेडफर्ड फॉरेस्ट युद्धापूर्वी गुलामांचा व्यापारी होता.

पांढऱ्या चादरीतल्या भुतांना भोळे काळे लोक भ्याले, ही गोऱ्यांनी पसरवलेली कथा. १८७१ मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे काळ्या स्त्री-पुरुषांनी साक्षी दिल्या. भूत कोण ते त्यांनी ओळखले होते. आवाजावरून, घोड्यावरून. माझी आजी नामांतराच्या वेळची, १९७८ ची रात्र सांगते तेव्हा हेच सांगते. तोंडाला फडके होते, पण आवाज ज्याच्या शेतात ती खुरपायला जाई त्याचा होता.

दक्षिण कॅरोलिनातील इलायस हिल यांचे हातपाय लहानपणीच लुळे पडले होते. ते प्रवचन करीत, पोरांना लिहायला-वाचायला शिकवीत, लोकांची पत्रे लिहून देत. मे १८७१ मध्ये त्यांना घराबाहेर ओढून चाबकाने मारले. प्रवचन बंद कर, वर्तमानपत्र मागवणे बंद कर, असे बजावले. चालता न येणाऱ्या माणसाचे भय कशाचे? अक्षराचे. क्लॅनने शाळा जाळल्या त्याही याच भयापोटी. स्वतःला ते घराचे, स्त्रियांचे, सुव्यवस्थेचे रक्षक म्हणवीत. त्यांची सारी विचारसरणी एका मराठी शब्दात मावते : पायरी.

सरकारला हे मोडता येत नव्हते असेही नाही. १८७१ मध्ये खास कायदा झाला, राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी दक्षिण कॅरोलिनातील नऊ परगण्यांत फौज घातली, शेकडो पकडले. वर्षभरात क्लॅनचे कंबरडे मोडले. मग इच्छाच आटली. कोलफॅक्सच्या खटल्यात मोजक्यांना शिक्षा झाली होती, तीही १८७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उडवली : घटनेचे हे संरक्षण राज्याविरुद्ध आहे, खासगी माणसांविरुद्ध नाही! १८७७ मध्ये उरलेल्या फौजेचा आधारही काढून घेतला. १९१५ मध्ये क्लॅन पुन्हा उभी राहिली तेव्हा तिला चादरीआड लपायचीही फारशी गरज उरली नव्हती.

हिल या निकालासाठी थांबले नाहीत. १८७१ संपण्यापूर्वीच शंभरावर माणसे बरोबर घेऊन ते जहाजाने लायबेरियाला निघून गेले.