उंबरठ्यावर अडकलेले पाय: दोनशे वर्षांची गोष्ट

आजचा एपिसोड आमच्याच घराच्या उंबरठ्यावरून सुरू होतो. भवानी पेठ, सोलापूर.

आमच्या तेलुगू घरात आजोबांना ताता म्हणतात. ताताचं आयुष्य यंत्रमागावर चादरी विणण्यात गेलं. आता त्यांना पार्किन्सन्स आहे. धरून जिना चढतात, पण उंबरठ्याशी आले की पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. मागून आम्ही, "ताता, चला की लवकर!" मग ते आणखीच थिजायचे. घाम, धाप, थरथर. रात्री बाथरूमला जावं लागू नये म्हणून त्यांनी संध्याकाळी पाणी पिणंच सोडलं होतं. आम्हाला वाटायचं, म्हातारपणी घाबरट झालेत. पायाचं दुखणं वेगळं आणि भीती वेगळी, असाच आमचा समज. तो चुकीचा होता. का, ते बघायला जरा मागे जाऊ.

१८१७, लंडन. जेम्स पार्किन्सन नावाच्या डॉक्टरने या आजारावर छोटंसं पुस्तक लिहिलं. त्यात फक्त सहा रुग्ण, आणि काही तर त्याने नुसते रस्त्यात पाहिलेले. पाचवा माणूस त्याला लांबूनच दिसला. त्याच्यासोबत एक सेवक होता. तो समोर उभा राहून दोन्ही खांद्यांवर हात ठेवायचा, मालक मागे-पुढे झुलून तोल सांभाळायचा, मग 'निघालो' असा इशारा द्यायचा आणि चालू लागायचा. चालणं कसलं, पळणंच ते. सेवक पुढे सरकून, पडला तर धरायला तयार. ना ओढाओढ, ना घाई. आजही फिजिओथेरपिस्ट तेच शिकवतात: थांबा, वजन एका पायावरून दुसऱ्यावर न्या, मग पाऊल टाका. त्या सेवकाचं नाव मात्र पुस्तकात नाही.

त्याच पुस्तकात पार्किन्सनने लिहिलं की या आजारात बुद्धी आणि इंद्रियं शाबूत राहतात. पुढे फ्रान्सच्या शार्कोने आजाराला त्याचंच नाव दिलं. पण बराच काळ डॉक्टरांचं लक्ष थरथर, ताठरपणा आणि चाल यांच्यावरच राहिलं. भीती मागे पडली. आज माहीत आहे की चिंता हा या आजाराचाच भाग असू शकतो. साधारण तीनातल्या एकाला ती त्रास देते. मेंदूत फक्त डोपामिन कमी होत नाही, मन सांभाळणारी इतर रसायनंही बिघडतात. काहींना गोळीचा असर उतरताना भीतीची लाट येते. आणि भीती, घाई, अरुंद दार, वळण, या सगळ्यांनी पाय जास्त अडकतात. म्हणजे पाय अडकले म्हणून भीती, आणि भीती वाटली म्हणून पाय अडकले. असं हे चक्र.

मग अडकलेले पाय सुटतात कसे? १९६७ साली लंडनच्या डॉ. पर्डन मार्टिन यांनी नोंदवलं की जमिनीवर आडव्या रेघा असल्या की असे रुग्ण त्या ओलांडत चालू शकतात. १९९६ मध्ये अमेरिकेत थॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांना तीन आठवडे घरी तालावर चालवलं, आणि त्यांची चाल सुधारली. आपल्या पुण्याची मिलेहा सोनेजी डिझायनर आहे. तिचे काका सपाट जमिनीवर अडखळायचे, पण जिना सहज चढायचे. तिने जिन्याचं मोठं चित्र छापून त्यांच्या घरात जमिनीवर चिकटवलं. काका त्यावरून सरळ चालले, आणि चित्र संपलं तिथे परत थबकले! २०१५ च्या तिच्या भाषणाचा व्हिडिओ नक्की बघा.

कारण असं की सवयीने, आपोआप चालणं या आजारात बिघडतं. समोर रेघ दिसली किंवा कानावर ताल आला की मेंदू दुसरी वाट घेतो.

आम्ही फिजिओथेरपिस्टला विचारून उंबरठ्याच्या अलीकडे रंगीत टेपच्या आडव्या पट्ट्या लावल्या. कडा उचलल्या जाणार नाहीत अशा, नाहीतर त्यातच पाय अडकायचा. रात्रीचा दिवा लावला. भीती कधी येते, गोळी कधी घेतली, हे वहीत लिहून डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी गोळ्यांच्या वेळा बदलल्या. गोळी स्वतःहून कमी-जास्त मात्र करायची नाही हं.

आणि ताल? तो ताताकडेच होता. आता उंबरठ्याशी आले की मी समोर उभा राहतो, गप्प. ते जरा झुलतात आणि मागाचा आवाज तोंडाने काढतात, "खट-खट, खट-खट." मग पाऊल उचलतं. रोज नाही जमत. नाही जमलं तर खुर्ची असते, दोन मिनिटं बसतो, मग परत.

संध्याकाळचं पाणी पुन्हा सुरू झालंय. तुमच्या घरी असं कुणी असेल तर आज एवढंच करा: "लवकर" हा शब्द सोडा. भेटू पुढच्या एपिसोडला!