गरोदरपणात दुचाकीवरून पडल्यास : जखम दिसत नसली तरी तपासणी का लागते?

सांबरा : बेळगाव-बागलकोट मार्गावरील गावांतून अनेक गरोदर महिला तपासणीला दुचाकीवरूनच बेळगावला जातात. गतिरोधकावर गाडी उडते, पदर चाकात अडकतो, बाई पडते. खरचटलंही नाही म्हणून घरी येऊन झोपायचं, असं बऱ्याच वेळा होतं. धोका नेमका इथंच आहे.

गर्भाशय लवचिक असतं, वार तशी नसते. जोराचा हिसका बसला की वार गर्भाशयापासून सुटू शकते. रक्त कधी कधी आतच साठतं, बाहेर थेंबही दिसत नाही. गरोदरपणात अंगातलं रक्त वाढलेलं असल्यामुळे बराच रक्तस्राव होऊनही आईचा बीपी सुरुवातीला ठीक दिसतो. त्रास आधी बाळाला होतो.

म्हणूनच पाच-सहा महिन्यांनंतर अपघात झाल्यास बाळाचे ठोके आणि कळा यांवर किमान 4 तास यंत्राने लक्ष ठेवलं जातं. पोट कडक होणं, कळा, अंगावरून रक्त वा पाणी जाणं, बाळाची हालचाल मंदावणं यांपैकी काही असेल तर मुक्काम वाढतो. सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून निघून येऊ नये. सुटलेली वार तिच्यात दरवेळी दिसतेच असं नाही. आईचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शन लागू शकतं, तेही शक्यतो 72 तासांच्या आत. रक्तगटाची नोंद असलेलं ताई कार्ड म्हणूनच पर्समध्ये असावं. गरजेचा एक्स-रे बाळाच्या भीतीने टाळू नये, आईचा जीव आधी.

रुग्णवाहिकेसाठी 108 क्रमांक कर्नाटक आणि महाराष्ट्र दोन्हीकडे चालतो. पोट मोठं असेल तर उताणं न झोपवता डाव्या कुशीवर न्यावं. मणक्याला मार असल्याची शंका असेल तर मान-पाठ न वळवता पोट हाताने डावीकडे सरकवून धरावं.

मागं बसणाऱ्यालाही हेल्मेटची सक्ती आहे. कारमध्ये सीटबेल्ट सोडू नये. खालचा पट्टा पोटाखाली मांड्यांच्या वर, दुसरा छातीच्या मधून घ्यावा.

खर्चाचं म्हणाल तर केंद्राच्या मे 2025 मधील योजनेनुसार मोटार वाहनाच्या अपघातातील जखमीला नियुक्त रुग्णालयात 7 दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार कॅशलेस मिळतात. अपघात देशातल्या कुठल्याही रस्त्यावरचा चालतो. त्यामुळे निपाणीजवळ अपघात झाला आणि कोल्हापूर जवळ पडत असेल, तर राज्याच्या हद्दीचा विचार करत थांबायचं कारण नाही.