वीस ब्राउनिंग

नाशिकच्या जॅक्सन प्रकरणाला इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात तीन-चार ओळी मिळतात. कान्हेरे, विजयानंद थिएटर, 21 डिसेंबर 1909, फाशी. एवढं पाठ केलं की दोन मार्क पक्के. चौतीस वर्षं मी इतिहास शिकवला, आणि दर दोन-तीन वर्षांनी वर्गातला एखादा पोरगा हमखास विचारायचा, "सर, पिस्तूल कुठून आणलं?" बाकीचे हसायचे. मला मात्र तो प्रश्न फार आवडायचा, कारण त्याचं उत्तर शोधायला गेलं की नाशिकहून थेट बेल्जियमला जावं लागतं.

बेल्जियममध्ये लिएज शहराजवळ हेर्स्टाल नावाचं गाव आहे. बंदुका बनवणं हा त्या भागाचा जुना धंदा. तिथे 1889 साली फाब्रिक नासिओनाल ही कंपनी निघाली. काम होतं बेल्जियन सैन्यासाठी दीड लाख माउझर रायफली बनवण्याचं. ते काम संपल्यावर पुढे काय, हा कुठल्याही कारखान्याला पडणारा प्रश्न त्यांनाही पडला. त्याच सुमारास, 1897 साली, अमेरिकेतल्या युटा प्रांतातल्या जॉन ब्राउनिंग नावाच्या कारागिराशी त्यांचा करार झाला. त्यातून जे छोटं पिस्तूल बाजारात आलं ते 1900 सालचं मॉडेल.

त्यात नवीन काय होतं? तोपर्यंत खिशात ठेवायचं हत्यार म्हणजे रिव्हॉल्व्हर. त्याचं फिरतं नळकांडं जाड, त्यामुळे कोटाच्या खिशाला फुगवटा यायचा. ब्राउनिंगचं पिस्तूल चपटं होतं. सात गोळ्या मुठीच्या आत, एकावर एक. एक गोळी सुटली की तिच्याच धक्क्याने वरचा भाग मागे सरकतो, रिकामं काडतूस बाहेर फेकतो, आणि स्प्रिंगच्या जोराने पुढे येताना दुसरी गोळी नळीत ढकलतो. माणसाने फक्त चाप ओढत राहायचं. वजन साधारण सव्वासहाशे ग्रॅम, म्हणजे आमच्या वेळच्या जाडजूड शब्दकोशापेक्षाही कमी. काडतूस 7.65 मिलिमीटरचं. आपल्याकडे परवान्यावर मिळणाऱ्या .32 पिस्तुलाला आजही तेच लागतं. खप इतका झाला की युरोपातल्या कितीतरी भाषांत 'ब्राउनिंग' हा पिस्तुलासाठीचा सामान्य शब्दच झाला, आपल्याकडे वनस्पती तुपाला 'डालडा' म्हणतात तसा.

कंपनीने हे बनवलं ते पोलिसांसाठी, लष्करी अधिकाऱ्यांसाठी, आणि रात्री घरी एकटं जाणाऱ्या सभ्य गृहस्थांसाठी. पण ते आणखी कोणाकोणाच्या हातात पडलं ते पाहा. 1904 साली हेलसिंकीत शाउमानने रशियाचा गव्हर्नर-जनरल बॉब्रिकोव्ह याला मारलं, ते याच पिस्तुलाने. 26 ऑक्टोबर 1909 ला हार्बिन स्टेशनवर कोरियाच्या आन जुंग-गुनने जपानच्या इतो हिरोबुमीला मारलं, तेही याच मॉडेलने. त्यानंतर बरोबर आठ आठवड्यांनी नाशिक. आणि 1914 साली सारायेव्होत प्रिन्सिपच्या हातात होतं ते याच कंपनीचं पुढचं, 1910 चं मॉडेल. हेलसिंकीचा, कोरियाचा आणि नाशिकचा माणूस एकमेकांना ओळखत नव्हते. पण साम्राज्याच्या अंमलाखालचा माणूस, एक अधिकारी आणि हेर्स्टालचा माल, हे तिन्हीकडे सारखं.

आता आपल्याकडचं. हत्यारांच्या 1878 च्या कायद्यामुळे हिंदी माणसाला परवान्याशिवाय बंदूक बाळगता येत नसे. सेनापती बापट पॅरिसमध्ये बॉम्बची विद्या शिकून आले ते 1908 च्या सुमारास. पण बॉम्बचं एक असतं. तो बनवायला रसायनशास्त्र लागतं, जागा लागते, आणि तो माणूस ओळखत नाही. मुझफ्फरपूरला 1908 च्या एप्रिलमध्ये बॉम्ब टाकला किंग्जफोर्डसाठी आणि मेल्या केनेडी मायलेकी. पिस्तूल तयार मिळतं आणि ते समोरच्याचा चेहरा बघून झाडावं लागतं. लंडनच्या इंडिया हाउसमधल्या सावरकरांनी वीस ब्राउनिंग पिस्तुलं मिळवली आणि तिथला आचारी चतुर्भुज अमीन याच्या ट्रंकेच्या चोरकप्प्यातून ती 1909 च्या मार्चमध्ये मुंबईला पोचली. जून महिन्यात बाबाराव सावरकरांना कविता छापल्याबद्दल जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. तो खटला आधी ज्या कलेक्टरपुढे गेला तो जॅक्सन. त्याची मुंबईला बदली झाली म्हणून निरोपादाखल 'संगीत शारदा'चा प्रयोग ठेवला होता. पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

याच पिस्तुलांमुळे सावरकरही अडकले. अमीन माफीचा साक्षीदार झाला, पिस्तुलाचा माग लंडनपर्यंत लागला आणि 30 जानेवारी 1911 ला जॅक्सनच्या खुनाला साहाय्य केल्याबद्दल त्यांना दुसरी जन्मठेप झाली.

वध म्हणायचं की खून, यावर मी स्टाफरूममध्ये भरपूर वाद ऐकले आहेत. मी 'वध' लिहितो, सवयीने. पण जॅक्सनबद्दल दोन शब्द बोलायला हवेत, कारण आपण त्याला नुसता 'जुलमी कलेक्टर' म्हणून मोकळे होतो. लोक त्याला पंडित जॅक्सन म्हणत. संस्कृतचा अभ्यासक होता. त्याने कोकण आणि गुजरातमधल्या लोकसमजुती गोळा केल्या होत्या. भुतंखेतं, देवदेवस्की, पाऊस पाडायचे उपाय, असलं सगळं. तो मेल्यावर एंथोव्हेनने ते साहित्य संकलित करून पुस्तकरूपाने छापलं. यात मला चटका लावणारी गोष्ट अशी, की ती माहिती त्याला लिहून पाठवली होती ती बरीचशी गावोगावच्या शाळामास्तरांनी. कुलाबा जिल्ह्यातल्या, ठाणे जिल्ह्यातल्या मास्तरांनी. म्हणजे आज आम्ही नवी मुंबई म्हणून जिथे राहतो त्याच्या आसपासच्या गावांतल्या माझ्या पूर्वसूरींनी. पुस्तकात त्यांची नावं नाहीत, नुसतं 'अमक्या गावचे शाळामास्तर'.

तरीही तो कलेक्टर होता आणि कविता छापणाऱ्याला खटल्यात ओढणाऱ्या राज्याचा नोकर होता, हेही खरंच. संस्कृत येणं हा काही बचाव होत नाही. माझं मत विचाराल तर मला जॅक्सनपेक्षा कान्हेऱ्यांची काळजी जास्त वाटते. वय अवघं सतरा-अठरा. माझ्या वर्गात या वयाची मुलं बाकाखाली डबा खायची. त्याच्या हातात जगातलं सगळ्यात अद्ययावत यंत्र ठेवणारे वयाने, वाचनाने मोठे होते. यावर आपल्या चरित्रग्रंथांत कौतुक पुष्कळ सापडतं, विचारपूस कमी.

कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना 19 एप्रिल 1910 ला ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिलं. प्रेतं नातेवाइकांना दिली नाहीत. खाडीकाठीच जाळली आणि राखही पाण्यात टाकली. ऐरोलीच्या पुलावरून दिसते ती हीच खाडी. हिवाळ्यात फ्लेमिंगो बघायला लोक कॅमेरे घेऊन येतात. नाशिकला कान्हेऱ्यांच्या नावाचं मैदान आहे, तिथे रणजीचे सामने होतात. जुने नाशिककर अजून त्याला गोल्फ क्लब मैदानच म्हणतात.

हेर्स्टालचा कारखाना अजून चालू आहे. मालक आता तिथलं प्रांतिक सरकार. खुद्द ब्राउनिंग 1926 साली त्याच कारखान्यात, काम करता करता वारला. तेव्हा सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध होते.