भवानीचा कौल आणि मिठाची जकात

दिवाळींत रत्नागिरीच्या अंगणांत मुलांचीं राज्यें वसतात. मातीच्या किल्ल्यावर महाराज बसतात, मावळे पहारा देतात. परंतु तेथें धान्याचें कोठार किंवा जकातीचें नाकें आम्हीं कधीं पाहिलें नाहीं. सभासदाच्या बखरींत अफजलखानाच्या प्रसंगीं भवानी दर्शन देते. आणि त्याच बखरींत कोठारांतील जिनसांची यादीही येते. बखरकारास दोन्ही गोष्टी राज्याच्याच वाटल्या. १६७१ सालीं गोव्याकडील बारदेशचें स्वस्त मीठ आल्यास संगमेश्वरचें मीठ पडून राहील, हें ओळखून महाराजांनीं बारदेशच्या मिठावर जबर जकात बसविण्याची आज्ञा कुडाळच्या सरसुभेदारास दिली. देवीच्या कौलानें धैर्य येतें. मिठागरें मात्र जकातीनें तगतात. मुलांच्या राज्यांतून भवानी जाऊं नये. पण यंदा किल्ल्याच्या पायथ्याशीं मिठाची एक रासही असावी.